ऑक्स की ऑप्टिकल? आठ महिन्यांनंतरचा अनुभव

डेस्कटॉपला लावायला तीन टोकांच्या पिनचे, आतच अँप्लिफायर असलेले स्पीकर घेतले. मागे ३.५ मिमीची ऑक्स (हेडफोनची असते तशी गोल) आणि चौकोनी ऑप्टिकल (उजेडावर चालणारी), अशा दोन्ही जोडण्या होत्या. डब्यात ऑक्सची केबल होती, म्हणून तीच लावली. पहिल्याच रात्री तानपुरा लावला तर खर्जाच्या तारेखाली आणखी एक 'घूंऽऽ'. तानपुरा बंद केला तरी ती चालूच. वर माउस हलवला की चिरचिर.

स्पीकर परत करायला निघालो होतो. जाता जाता मोबाइल जोडून पाहिला, तर एकदम शांत. बायकोचा लॅपटॉप जोडला, पुन्हा घूं. त्याच्या चार्जरची पिन उपसली आणि घूं गायब! चोर तिथेच सापडला. संगणक आणि स्पीकर यांचं अर्थिंग एकदा भिंतीतून जोडलेलं असतं आणि ऑक्सच्या बाहेरच्या तारेतून पुन्हा एकदा. असा गोल पूर्ण झाला की त्यात विजेचे ५० हर्ट्‌झ फिरतात आणि स्पीकर इमानाने ते मोठे करून ऐकवतो. माउसची चिरचिरही त्याच वाटेने येते. अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा सल्ला देणारे महाभाग भेटतील. ऐकू नका, ती जीव वाचवायला असते.

संगणक आणि स्पीकर, दोघांच्या पिना एकाच एक्स्टेंशन बोर्डात लावल्यावर घूं निम्म्यावर आली. फुकटचा उपाय आहे, आधी हाच करा. मग यूएसबीचं छोटं साउंड कार्ड आणलं आणि स्पीकर त्याला जोडले. काही उपयोग नाही, कारण यूएसबीतही ग्राउंडची, म्हणजे अर्थिंगला जोडलेली, तार असतेच.

शेवटी ऑप्टिकल. तोशिबाने १९८३ मध्ये काढलेली ही सोय. केबलमधून वीज जातच नाही, लाल उजेड जातो, त्यामुळे तो गोल तुटतो. टोकावरचं इवलंसं टोपण काढायला मात्र विसरू नका. मी दहा मिनिटं मदरबोर्डला शिव्या घालत बसलो होतो. विंडोजमध्येही डिजिटल आउटपुट आपणच निवडावं लागतं.

घूं गेली, पार गेली. आवाज गोड झाला का? नाही. गाणं चालू असताना डोळे मिटून मला फरक ओळखता येत नाही, दोन गाण्यांच्या मधे तेवढा येतो. संगणकात गाणं आकड्यांच्या रूपात असतं, त्या आकड्यांचा आवाज कुठेतरी करावाच लागतो. ऑक्सला ते काम मदरबोर्डवरची चिप करते, ऑप्टिकलला स्पीकरमधली. स्पीकरमधली सुमार निघाली तर उलट तोटाच. आणि भीमसेनजींच्या जुन्या ध्वनिमुद्रणातली टेपची सरसर आहे तशीच आहे, ती मूळचीच.

एक गोष्ट मात्र आठ महिने खटकते आहे. बराच वेळ काही वाजलं नाही की स्पीकर सिग्नल सोडतो आणि पुन्हा पकडेपर्यंत पहिला अर्धा सेकंद गिळतो. मेलची 'टिंग' तर ऐकूच येत नाही. केबलही नाजूक, टेबलामागे काटकोनात दाबली की कामातून गेली.

लॅपटॉपला ऑप्टिकल नाहीच. म्हणून ऑक्सची केबल अजून टेबलाच्या कडेला लोंबते आहे, आणि बायको नाट्यगीतं ऐकायला बसली की आधी चार्जर काढते.