‘रानफुलांचं बियाणं’, २० ग्रॅमचं पाकीट: दोन पावसाळे आणि एका हिवाळ्यानंतर

पाकिटावर लाल पॉपीचं शेत आहे, नजर जाईल तिथपर्यंत. खाली लिहिलंय, ‘रानफुलांचं मिश्रण, २५ जाती, नुसतं फोका आणि विसरा’. मे २०२३ मध्ये मी ते ऑनलाइन मागवलं, ३४९ रुपये अधिक पोहोच. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण अशी पाकिटं आता बऱ्याच ठिकाणी मिळतात आणि मला जे सांगायचंय ते त्या सगळ्यांना लागू आहे.

आमचं घर साताऱ्यात. फाटकापासून पायरीपर्यंत उजव्या हाताला १२ फूट बाय ३ फुटांची पट्टी आहे. घर बांधलं तेव्हा उरलेला मुरूम तिथंच पसरला होता, त्यामुळे हरळी आणि गाजरगवत यांच्याशिवाय तिथं काही टिकलं नाही. कास पठार आमच्यापासून पंचवीसेक किलोमीटरवर. दर भाद्रपदात आम्ही जातो आणि दर वेळी परत येताना माझ्या मनात एकच असतं, यातलं थोडं तरी आपल्या दारात असावं. तिथून काडीही आणायची नाही, फूल तोडायला बंदी आहे आणि ती असायलाच हवी. म्हणून पाकीट.

पट्टी आधी साफ केली. गाजरगवत फुलावर यायच्या आत, हातमोजे घालून, मुळासकट उपटलं. उघड्या हातानं उपटलं तर खाज सुटते, कुणाकुणाला अंगभर पुरळ येतं. हरळीच्या मुळ्या काढायला दोन रविवार गेले. मग पाकिटावरच्या सूचनेप्रमाणे दोन पाट्या शेणखत मिसळलं. ही चूक होती, त्याचं पुढे सांगते.

त्या वर्षी मृग कोरडा गेला. पाऊस लागला तो जूनच्या शेवटच्या आठवड्यात. वाफसा आल्यावर अर्धं पाकीट कोरड्या वाळूत मिसळून फोकलं. आठव्या दिवशी हिरवी लव दिसली तेव्हा मी ऑफिसला जायच्या आधी उकिडवी बसून एकेक रोप बघत होते. जुलैत पाऊस संततधार झाला आणि ती लव खालून काळी पडत आडवी होत गेली. मान मोडल्यासारखं एकेक रोप लवायचं. पंधरा दिवसांत पाऊण पट्टी मोकळी. उरलं ते पिवळं-नारिंगी कॉसमॉस आणि थोडा झिनिया. कॉसमॉस मात्र शेणखतावर असा माजला की सप्टेंबरात माझ्या खांद्याला लागला.

कंपनीला मेल केला. विचारलं, पाकिटात नेमक्या कोणत्या जाती आहेत, बी कधी तपासलं, किती टक्के उगवतं? उत्तरात पुढच्या खरेदीवर सवलतीचं कूपन आलं. जातींची यादी आजवर आलेली नाही. माझ्या मते या पाकिटाचा सगळ्यात मोठा दोष हाच. कोणतं बी आपण मातीत टाकतोय हे गिऱ्हाइकाला कळायलाच हवं. तांदूळ घेताना आपण जात विचारतो, मग बियाणं घेताना का विचारू नये?

उरलेलं अर्धं पाकीट मी दसऱ्यानंतर फोकलं, आणि इथं मला पाकिटाची बाजू घ्यावीच लागेल. थंडीत ते बी सुंदर आलं. जानेवारीत पट्टीत गेलार्डिया, कोरिऑप्सिस, निळा कॉर्नफ्लॉवर, कडेला पांढरं एलिसम, आणि कॅलिफोर्निया पॉपीची सात झाडं. पॉपीची पाकळी सकाळी ऊन अंगावर आल्याशिवाय उघडत नाही, हे मी रोज चहाचा कप घेऊन पाहिलं. रस्त्यानं जाणारी माणसं थांबायची. दिवसाआड पाणी, बाकी काही नाही. फेब्रुवारीच्या अखेरीस ऊन तापलं तसं सगळं वाळलं. म्हणजे दोष बियाण्यात नव्हता, हंगामात होता. ही थंड किंवा कोरड्या हवेची फुलं. त्यांना आपल्याकडे ऑक्टोबर-नोव्हेंबरातच पेरायचं, पावसाळ्यात नाही. पाकिटावर मात्र छापलंय, ‘वर्षभर केव्हाही’.

आता त्या ‘रान’ शब्दाविषयी. वर जी नावं घेतली त्यांत एकही फूल आपल्या रानातलं नाही. झिनिया, कॉसमॉस मेक्सिकोकडचे, गेलार्डिया उत्तर अमेरिकेचं, कॉर्नफ्लॉवर युरोपातल्या गव्हाच्या शेतांतलं. परदेशी फुलांशी माझं वैर नाही. झेंडूही मेक्सिकोहूनच आला आणि आज त्याच्याशिवाय दसरा होत नाही. पण झेंडू कुंपणाबाहेर जात नाही. पिवळा-नारिंगी कॉसमॉस जातो. पुण्याभोवतीच्या टेकड्यांवर आणि रस्त्यांच्या कडेनं तो कसा पसरलाय हे ज्यानं ऑक्टोबरात प्रवास केलाय त्यानं पाहिलंय. लोक गाडी थांबवून त्यात फोटो काढतात. त्या पिवळ्या गालिच्याखाली आधी जे गवत आणि जी बारीक फुलं होती, ती कुठं गेली हे कुणी विचारत नाही. कासच्या पायथ्याच्या गावात राहणाऱ्या माणसानं ‘रानफुलं’ म्हणून हेच बी विकत घ्यावं आणि वाऱ्यावर सोडावं, याची मला खरोखर भीती वाटते. मी माझा सगळा कॉसमॉस बी धरायच्या आत कापला. पुढच्या जूनमध्ये तरीही चाळीस-एक रोपं उगवली, तीही उपटली.

खरी रानफुलं आमच्या घरातच बसलेली होती, म्हणजे त्यांची माहिती. माझ्या सासूबाई जावळी खोऱ्यातल्या. त्यांना मी आत्या म्हणते. पहिल्या पावसाळ्यात त्या पायरीवर बसून सगळं बघत होत्या, बोलल्या नाहीत. कापलेल्या कॉसमॉसकडे बघून एकदाच म्हणाल्या, “अगं, बी इकत कशाला आनलंस? आपल्या बांधाला काय कमी हाय व्हय?”

त्या ऑक्टोबरात आम्ही त्यांच्या भावाच्या शेतावर गेलो. बांधावर तेरडा संपत आला होता. तेरड्याची पिकलेली शेंग बोट लागताच फुटते आणि बी चार हात लांब उडतं, हे शाळेपासून माहीत होतं. पण मग ते गोळा कसं करायचं? आत्यांनी जुन्या धोतराच्या फडक्याच्या छोट्या पिशव्या केल्या आणि पिवळसर पडू लागलेल्या शेंगांच्या डहाळ्यांवर सैल बांधल्या. “दोन दिसांनी ये, पिशवीत मिळंल.” तसंच झालं. कुर्डूचं काम सोपं. वाळलेला तुरा कागदावर झटकला की काळं, चकचकीत, मोहरीहून बारीक बी पडतं. टाकळ्याच्या शेंगा काढल्या, दिवाळीच्या सुमारास खुळखुळ्याच्या घेतल्या. प्रत्येक जागी निम्म्याहून जास्त शेंगा तशाच ठेवल्या, बांधालाही पुढच्या वर्षी बी लागणारच. सगळं कागदी पाकिटांत, नाव आणि तारीख घालून, कपाटात. प्लॅस्टिकमध्ये ठेवू नका, ओल धरते.

जून २०२४. या वेळी खत अजिबात नाही. उलट मागच्या वर्षीची शेणखताची वरची माती काढून कुंड्यांत भरली आणि पट्टीत पुन्हा बारीक मुरूम मिसळला. ही झाडं उपाशी जमिनीवरची आहेत. खत दिलं की पानं माजतात, फूल कमी येतं आणि सगळ्यात दांडगं झाड बाकीच्यांना झाकून टाकतं. कॉसमॉसनं मला हेच दाखवलं होतं. टाकळ्याचं बी टणक असतं, ते पॉलिश पेपरवर घासून रात्रभर कोमट पाण्यात ठेवलं. खुळखुळ्याचंही तसंच. तेरडा आणि कुर्डू वाळूत मिसळून फोकले आणि वरून माती लोटली नाही, फक्त हाताच्या तळव्यानं दाबलं. त्या वर्षी पाऊस वेळेवर आणि भरपूर झाला. संततधारेत एकही रोप आडवं पडलं नाही.

या पट्टीचा हिशोब मी वहीत ठेवलाय. जुलैत केना आपोआप आला, त्याचं बी कुणी टाकलं नव्हतं. त्याचं निळं फूल सकाळी उघडतं आणि दुपारपर्यंत मिटतं, त्यामुळे ऑफिसला जाणाऱ्यांनी ते निघायच्या आधीच बघून घ्यावं. केन्याला जमिनीखालीही फुलं लागतात, ती कधीच उमलत नाहीत आणि तरी त्यांत बी धरतं. मी एक झाड उपटून आत्यांना ती पांढरी बारीक बोंडं दाखवली. सत्तर वर्षं केन्याची भजी खाल्लेल्या बाईला हे माहीत नव्हतं. त्या कितीतरी वेळ ते मूळ हातात धरून होत्या.

ऑगस्टमध्ये तेरडा गुलाबी झाला. टाकळ्याच्या पानांवर पिवळ्या फुलपाखरांनी अंडी घातली आणि हिरव्या अळ्यांनी पानं चाळणीसारखी केली. इथं फवारणीचा मोह होईल, करू नका. पानं गेली म्हणजे झाड गेलं नाही, नवी फुटतात. आणि अळीच नसेल तर फुलपाखरू कुठून येणार? पाकिटातल्या हिवाळी फुलांवर फुलपाखरं यायची, पण मध पिऊन निघून जायची. माझ्या पट्टीत अंडं घातलेलं मी पहिल्यांदा टाकळ्यावर पाहिलं. सप्टेंबरात कुर्डूचे गुलाबी-पांढरे तुरे आले आणि त्यांवर दिवसभर गर्दी. सातेरी माश्या, बारीक फुलोरी माश्या, आणि पोटावर निळे पट्टे असलेली एक माशी, जी फुलाजवळ हवेत थबकते आणि मग झेप घेते. खुळखुळ्याच्या वाळत्या झाडाला नारिंगी-काळी टायगर फुलपाखरं लटकायची. त्यातले नर तिथून रस शोषतात, मादीला आकर्षून घ्यायला त्यांना तो लागतो.

त्या वर्षी १० सप्टेंबरला गौरी आल्या. आत्यांच्या माहेरी तेरड्याची गौर असते. लग्न होऊन साताऱ्यात आल्यापासून त्या बाजारातून जुडी आणायच्या, वीस-तीस रुपयांची, अर्धी कोमेजलेली. या वेळी त्यांनी विळा घेतला आणि पायरी उतरून पाच डहाळ्या स्वतः कापल्या.

कोणाला काय जमेल तेही सांगते. कासची सगळीच फुलं घरी येणार नाहीत. सोनकी, गेंद, सीतेची आसवं यांना जांभ्या दगडावरची बोटभर माती आणि चार महिने झिरपणारं पाणी लागतं. सीतेची आसवं तर पाण्यातले सूक्ष्म जीव पकडून जगतात, ती कुंडीत आणायचा विचारही करू नये. कळलावी सुंदर आहे, पण तिचा कंद जहरी. घरात लहान मूल असेल तर नकोच. गच्चीवर राहणाऱ्यांना कुर्डू आणि तेरडा फूटभर खोल ट्रेमध्येही येतात, फक्त पाणी साचू द्यायचं नाही. आणि मार्चनंतर पट्टी वाळलेली दिसणार, तीन महिने दारात काटक्या असणार, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा. आमच्याकडे त्यावरून बोलणी झाली होती. त्या काटक्या काढू नका, बी त्यांतूनच पडतं.

तर पाकीट घ्यावं का? हिवाळ्यात रंगीत वाफा हवा असेल, ऑक्टोबरात पेरणार असाल आणि कॉसमॉस बी धरायच्या आधी कापायची तयारी असेल, तर घ्या. उगवण चांगली आहे, पैसे वसूल होतात. त्या कामासाठी मी पाचपैकी साडेतीन देईन. ‘रानफुलं’ म्हणून, पावसाळ्यासाठी, साताऱ्यात किंवा सह्याद्रीच्या कुशीतल्या कुठल्याही गावात: पाचपैकी एक, आणि तो एकही केवळ बी ताजं होतं म्हणून. कंपनीनं पाकिटावर जातींची यादी, तपासणीची तारीख आणि पेरणीचे महिने छापले, कॉसमॉस काढून टाकला आणि ‘रान’ हा शब्द पुसला, तर मी हा अभिप्राय आनंदानं बदलेन.

माझ्याकडे यंदा कुर्डूचं बी वाटीभर झालंय. ऑफिसातल्या तिघींना आणि शेजारी दिलंय. आत्यांनी भावाकडून कवल्याचं बी मागवलंय. त्याच्या पिवळ्या फुलाला मुलं मिकी माऊस म्हणतात. केन्याच्या बाजूला हातभर ओलसर जागा आहे, तिथं मृगात टाकायचं ठरलंय.