शालेय चित्रपट रसास्वादासाठी सार्वजनिक अनुदान : कोल्हापुरातील एका लहान संस्थेचा अनुभव

शाळांमध्ये चित्रपट रसास्वाद शिकवणाऱ्या आमच्या लहानशा नोंदणीकृत संस्थेने गेल्या वर्षी प्रथमच सार्वजनिक अनुदान घेतले. संस्थेचा हिशेब माझ्याकडे असल्यामुळे अर्ज भरण्यापासून शेवटचे उपयोगिता प्रमाणपत्र (पैसे ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला) सादर करण्यापर्यंतचा सगळा व्यवहार माझ्या हातून झाला. आपल्या भागात असेच काम करणाऱ्या संस्थांकडून ‘अर्ज करावा का?’ अशी विचारणा अलीकडे वारंवार होते, म्हणून हा अनुभव सविस्तर मांडत आहे. अनुदान देणाऱ्या कार्यालयाचे नाव लिहीत नाही, कारण ज्या अडचणी आल्या त्यांचे मूळ अनुदानाच्या आखणीत आहे. माझे मत प्रथमच सांगतो : अर्ज अवश्य करावा, परंतु हे अनुदान ‘कार्यक्रम’ डोळ्यांसमोर ठेवून आखलेले आहे आणि आपले काम ‘तासा’चे आहे, हे ध्यानात ठेवून करावा.

कागदपत्रांची बाजू अपेक्षेपेक्षा सोपी गेली. धर्मादाय आयुक्तांकडील नोंदणी, संस्थेची घटना, मागील ३ वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब, पॅन, नीती आयोगाच्या एनजीओ दर्पण संकेतस्थळावरील नोंदणी क्रमांक, सरकारी निधी वितरणाच्या पीएफएमएस प्रणालीशी जोडलेले बँक खाते आणि कार्यकारिणीचा ठराव एवढी तयारी असेल, तर अर्ज दोन बैठकांत भरून होतो. संस्थेचे नाव मात्र सर्व कागदांवर अक्षरशः एकच असायला हवे. आमच्या बँक खात्यावर नावातला एक शब्द संक्षेपाने आला होता आणि तेवढ्यावरून त्रुटीचे पत्र आले. ते निस्तरण्यात तीन आठवडे गेले. अर्ज ऑनलाइन असल्यामुळे तो कोणत्या टप्प्यावर आहे ते घरबसल्या कळत होते, आणि दूरध्वनीवर बोलणारे अधिकारी प्रत्येक वेळी सौजन्याने वागले, हेही नोंदवले पाहिजे.

खरा पेच अर्जातल्या रकान्यांपासून सुरू झाला. किती चित्रपट दाखवणार, प्रत्येकाचा कालावधी किती, उपस्थिती किती, सभागृह कोणते, असे प्रश्न त्यात होते. चित्रपट पाहून झाल्यावर काय होणार, यासाठी एकही रकाना नव्हता, आणि आमचे सगळे काम तर तिथूनच सुरू होते.

राधानगरी तालुक्यातल्या एका शाळेतला सातवीचा तास सांगतो. खिडक्यांना घोंगडी लावून वर्गात अंधार केला होता. एका जुन्या चित्रपटातला चार मिनिटांचा प्रसंग आम्ही आधी आवाज बंद ठेवून दाखवला आणि मुलांना काय दिसले ते वहीत लिहायला सांगितले. मग तोच प्रसंग आवाजासह दाखवला. मागच्या ओळीतली एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, “सर, मघाशी ती बाई चिडल्यागत वाटत हुती. आता कळलं, ती भ्यालीया.” त्यावर दुसऱ्याने विचारले की चेहरा तोच होता, मग आपल्याला वेगळे का वाटले. पुढची पन्नास मिनिटे वर्ग त्या एका प्रश्नावर बोलत होता : दाराची कडी वाजते तेव्हा दार पडद्यावर दिसतच नाही, तरी आपण दाराकडे का पाहतो, ती बाई खोलीच्या कोपऱ्यातच का उभी केली असेल, कॅमेरा तिच्या जवळ नेमका केव्हा गेला. रसास्वाद म्हणतात तो हाच. अहवालाच्या नमुन्यात मात्र या तासाची नोंद ‘प्रदर्शन : १, कालावधी : ४ मिनिटे, उपस्थिती : ३१’ एवढीच करता आली, आणि उपस्थिती कमी आहे म्हणून आम्हाला खुलासा द्यावा लागला.

गर्दीच्या या अपेक्षेचा दुसरा परिणाम कायद्याशी संबंधित आहे आणि तो बऱ्याच संस्थांच्या लक्षात येत नाही. कॉपीराइट अधिनियम, १९५७ च्या कलम ५२ नुसार शैक्षणिक संस्थेच्या कामकाजाचा भाग म्हणून चित्रपट दाखवला आणि प्रेक्षक म्हणून त्या संस्थेचे विद्यार्थी, कर्मचारी, पालक व तिच्या कामाशी संबंधित व्यक्ती एवढेच असतील, तर तो स्वामित्वहक्काचा भंग ठरत नाही. शाळेतल्या वर्गात आमच्या कामाला याच तरतुदीचे संरक्षण आहे. परंतु उपस्थिती वाढावी म्हणून तोच चित्रपट शाहू स्मारक भवनासारख्या सभागृहात सर्वांसाठी खुला ठेवला, की ही सवलत लागू होत नाही आणि हक्कधारकाची परवानगी घ्यावी लागते. म्हणजे अनुदान ज्या दिशेने ढकलते, त्या दिशेला खर्चही वाढतो आणि जोखीमही. छाननीत आमच्याकडे प्रत्येक चित्रपटाचे परवानापत्र मागितले गेले, तेव्हा आम्ही कलम ५२ चा उतारा आणि मुख्याध्यापकांचे पत्र जोडले, आणि ते मान्य झाले. चित्रपटावरील स्वामित्वहक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे टिकतो, त्यामुळे त्याहून जुने चित्रपट निवडले तर हा प्रश्न बराचसा मिटतो, हेही अर्ज करणाऱ्यांनी लक्षात घ्यावे.

पैशाच्या वेळेबद्दल माझी तक्रार आहे. शाळा जूनमध्ये सुरू होते आणि अनुदानाचे वर्ष ३१ मार्चला संपते. मंजुरीपत्र दिवाळीनंतर आले, पहिला हप्ता जानेवारीत जमा झाला. फेब्रुवारी-मार्चमध्ये शाळा परीक्षांच्या तयारीत असतात आणि कोणताही मुख्याध्यापक त्या दिवसांत तास देऊ शकत नाही. त्यांना दोष देता येत नाही. शिवाय आपल्याकडे जुलै-ऑगस्टचा भरवसा नसतो. २०१९ आणि २०२१ च्या पुरांनंतर नदीकाठच्या शाळांचे वेळापत्रक कसे कोलमडले, ते आपण सर्वांनी पाहिले आहे. जूनपासूनचे तास आम्ही संस्थेच्या तुटपुंज्या शिलकीतून घेतले, पण मंजुरीपूर्वीचा खर्च ग्राह्य धरला गेला नाही. उरलेला हप्ता केंद्र सरकारच्या वित्तीय नियमांतील (जीएफआर) १२-ए नमुन्यातले उपयोगिता प्रमाणपत्र सनदी लेखापालांच्या सहीसह दिल्यानंतरच मिळतो. ज्या संस्थेकडे तोपर्यंत तग धरण्याइतकी रक्कम नाही, तिने मोठा प्रकल्प मागू नये, असा माझा स्पष्ट सल्ला आहे.

साहित्यावरचा खर्च विनासायास मंजूर होतो. प्रोजेक्टर, पडदा, ध्वनिवर्धक यांच्या देयकांवर एकही शंका आली नाही. मूकपटांच्या काळातले चित्रपटकार बाबूराव पेंटर यांनी याच शहरात स्वतःच्या हाताने कॅमेरा तयार केला, हे सांगून आम्ही मुलांकडून बुटांच्या खोक्याचे सूचीछिद्र (पिनहोल) कॅमेरे करून घेतो. त्यासाठी लागणारा काळा कागद, बटर पेपर, चिकटपट्टी यांची किरकोळ बिलेही स्वीकारली गेली. बटर पेपरवर मैदानातला वड उलटा उमटलेला पाहून मुले जी ओरडतात, ते ऐकण्यासाठी मी हिशेबाचे काम सोडून अजूनही त्या तासाला जातो. अर्जातल्या ‘स्थानिक संदर्भ’ या भागातही कोल्हापूरकरांकडे सांगण्यासारखे पुष्कळ आहे. प्रभात फिल्म कंपनी १९२९ साली येथेच स्थापन झाली आणि १९३३ मध्ये पुण्याला गेली, हे वाचून छाननी समितीने आमच्या प्रस्तावाला अनुकूल शेरा दिल्याचे नंतर कळले.

उलट शिकवणाऱ्या माणसाचे मानधन प्रत्येक टप्प्यावर कापले गेले. एका तासासाठी प्रसंग निवडणे, तो दहा वेळा पाहणे, प्रश्न काढणे आणि एसटीने दोन बदल्या करत शाळेपर्यंत पोहोचणे यात आमच्या प्रशिक्षिकेचे दोन दिवस जातात, आणि मंजूर झाले ते एका ‘व्याख्याना’चे मानधन. तयारीचा वेळ हा खर्च म्हणून मांडण्याची सोयच नाही. बालचित्रपटांसाठी १९५५ पासून असलेली बालचित्र समिती २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. तेव्हापासून मुलांच्या चित्रपट-शिक्षणाचा स्वतंत्र विचार करणारी सार्वजनिक संस्था उरलेली नाही, आणि त्यामुळे सर्वसाधारण सांस्कृतिक अनुदानांच्या नमुन्यात एक रकाना वाढणे मला अधिकच निकडीचे वाटते.

यंदाचा अर्ज आम्ही वेगळ्या रीतीने भरला आहे. ‘प्रदर्शनांची संख्या’ या ठिकाणी ‘चर्चा-तास’ हे एकक लिहिले आहे, तयारीचा वेळ ‘अभ्याससाहित्य निर्मिती’ या शीर्षाखाली मांडला आहे, आणि काम डिसेंबर ते जानेवारी एवढ्याच काळात व आठच शाळांत आखले आहे. सोबत त्या सातवीच्या मुलीच्या वहीचे पान जोडले आहे, ज्यावर तिने आधी लिहिलेला ‘चिडली’ हा शब्द खोडून त्याच्या शेजारी ‘भ्याली’ असे लिहिले आहे.