परसातल्या झोळ्या आणि बोहरी आळीचा दोर

घरच्या घरी झोळी, म्हणजे झाडांमध्ये टांगून आत पडायचा कापडी हॅमॉक, करायची असेल तर एक गोष्ट आधीच सांगते. कापडात काटकसर केली तरी चालेल, टांगणीत अजिबात नको. आमच्या सहकारनगरच्या घरामागे आता तीन झोळ्या आहेत, तिन्ही घरी केलेल्या आणि आम्हीच टांगलेल्या. उन्हाळा, वळीव आणि सुट्टीत जमलेलं सगळं गोत त्यांनी झेललं आहे. त्यांचं काय कुठून घेतलं, कशावर पैसे सार्थकी लागले, कशावर नाही, ते लिहिते. यासाठी लागणारा झाडून सगळा माल पुण्यात, तोही पेठांच्याच परिसरात मिळतो, आणि हे फार जणांना माहीत नसतं.

याआधी माझ्या दिरांनी ऑनलाइन मागवलेला एक तयार हॅमॉक घरात होता. पांढऱ्या सुती दोऱ्यांची जाळी आणि दोन्ही टोकांना लाकडी दांडी. फोटोत फार देखणा होता. पण दांडीमुळे जाळी सपाट ताणून राहते, माणूस तिच्यात बसण्याऐवजी तिच्यावर बसतो, आणि जरा कूस बदलली की अख्खा हॅमॉक उलटतो. पुतण्याच्या शर्टाची बटणं आणि सासूबाईंच्या बांगड्या त्या जाळीत अडकायच्या. सोबतच्या बारक्या हुकांवर किती वजन चालेल हे कुठंच लिहिलेलं नव्हतं. एक हुक वाकला तेव्हा तक्रार केली; दुसरा पाठवतो म्हणाले, तो आलाच नाही. पावसात दोऱ्या काळ्या पडल्या आणि तो विषय संपला. लहान मुलं असलेल्या घरात जाळीची झोळी घेऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे. हातपाय, गळा, काहीही अडकू शकतं. सलग कापडाचीच झोळी हवी.

खरेदी बोहरी आळीत केली. गाडी घेऊन रविवार पेठेत शिरण्यात अर्थ नाही. आम्ही स्वारगेटहून मेट्रोनं जातो. एकच स्टेशन, मंडईला उतरायचं आणि चालत सुटायचं. बोहरी आळीत दोरांची दुकानं एकाहून जास्त आहेत. मी ज्यांच्याकडून घेतलं ते दुकान अरुंद आणि खोल आहे. दारातच काथ्याची वेटोळी, सुतळीचे गड्डे, आत भिंतीला रिळं. मी दहा मिलिमीटरचा नायलॉन मागितला तर मालकांनी रिळाला हात लावण्याआधी विचारलं, "ताई, बांधायचं काय आहे? सामान का माणूस?"

माणूस म्हटल्यावर त्यांनी नायलॉन द्यायला चक्क नकार दिला. नायलॉन मजबूत असतो, पण वजनानं ताणतो आणि ओला झाला की आणखी ढिला पडतो. संध्याकाळी नीट उंचीवर बांधलेली झोळी तासाभरात जमिनीला टेकते. निळा-पिवळा प्लॅस्टिकचा दोर, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, स्वस्त पडतो. पण उन्हात त्याचे तंतू सुटतात, तो कडक होऊन तुटायला लागतो आणि गुळगुळीत असल्यामुळे गाठ धरून ठेवत नाही. काथ्या हाताला बोचतो. सुती दोर मऊ असतो पण पावसात कुजतो. त्यांनी हातात ठेवला तो पांढरा विणलेला पॉलिएस्टरचा दोर. ताण कमी खातो, उन्हात बराच टिकतो, गाठ चांगली बसते. दोर तिथं किलोवर मिळतो, मीटरवर नाही, त्यामुळे किती मीटर हवा ते सांगायचं आणि तो वजन करून भाव लावतात. आमच्या तिन्ही झोळ्यांचा दोर साडेचारशे रुपयांच्या आत बसला. टोकं तिथंच वितळवून दिली, म्हणजे ती उसवत नाहीत. आणि काउंटरवरच्या लोखंडी कडीला दोर अडकवून बोलाइन गाठ दोनदा करून दाखवली. ही गाठ कितीही ताण आला तरी सरकत नाही आणि नंतर सहज सुटते. मागे गिऱ्हाईक खोळंबलेलं असताना कुणी एवढा वेळ देतं, याचं मला फार अप्रूप वाटलं.

झाडाला गुंडाळायला दोर वापरू नका, हेही त्यांनीच सांगितलं आणि मला शेजारच्या हार्डवेअरवाल्याकडे पाठवलं. तिथं मिळाला तो या सगळ्या खरेदीतला सगळ्यात मोलाचा जिन्नस. कारखान्यात क्रेननं माल उचलायला वापरतात तो पॉलिएस्टरचा पट्टा, वेब स्लिंग. दोन्ही टोकांना शिवलेले फास असतात आणि रंगावरून क्षमता कळते: जांभळा एक टनाचा, हिरवा दोन टनांचा, पिवळा तीन टनांचा. पट्ट्याला शिवलेल्या लेबलवर क्षमता छापलेली असते, ती वाचूनच घ्यायचा. आम्ही जांभळे घेतले, दोन मीटर लांबीचे, दोन इंची, साधारण साडेतीनशेला एक. त्याच्या जोडीला गॅल्व्हनाइज्ड डी शॅकल, म्हणजे स्क्रूनं बंद होणारी इंग्रजी डीच्या आकाराची कडी. किल्ल्यांच्या जुडग्याला असतात तसले रंगीत हुक दुकानात समोरच टांगलेले असतात, ते माणसाच्या वजनासाठी नव्हेत.

पट्टा रुंद हवा तो झाडासाठी. साल आणि लाकूड यांच्या मधल्या पातळ जिवंत थरातून झाडाचं अन्न खाली जातं. बारीक दोर तिथं रुतला की झाड त्या जागी उपाशी राहतं. आमचा फणस १९६१ च्या पानशेतच्या पुरानंतर सासऱ्यांच्या वडिलांनी लावलेला. त्यांचं नदीकाठचं बिऱ्हाड वाहून गेलं आणि ते इकडे आले, तेव्हाचा. त्याला ओरखडा उठलेला घरात कुणालाच खपला नसता. म्हणून पट्ट्याखाली गोणपाटाची दुहेरी घडी घालतो आणि दर हंगामात जागा थोडी वरखाली करतो. एक झोळी आंबा ते फणस अशी आहे, दुसरी आंब्यापासून जिन्याच्या काँक्रीटच्या खांबापर्यंत, आणि मुलांची छोटी झोळी फणसाच्या दोन जाड फांद्यांच्या मध्ये. शेवगा सोयीच्या जागी होता, पण शेवग्याचं लाकूड ठिसूळ, त्याला साधा झोकाही बांधू नये. कंपाउंडच्या भिंतीत हुक ठोकण्याचा विचारही नको. ती भिंत अशी आडवी ओढ सोसायला बांधलेलीच नसते.

आता कोनाबद्दल, कारण इथं लोक हमखास गोता खातात. मी आठवी-नववीला विज्ञान शिकवते, त्यामुळे हे जरा सविस्तर सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. झोळी जितकी ताठ बांधाल तितका दोरावर ताण जास्त. दोर आडव्या रेषेशी ३० अंशांचा कोन करत असेल, तर ७० किलोच्या माणसामुळे प्रत्येक बाजूच्या दोरावर ७० किलोइतकाच ताण येतो. कोन १० अंशांवर आला की तोच ताण २०० किलोंच्या वर जातो. ५ अंशांवर ४०० किलो. माणूस तोच, दोर तोच. वरून त्यात मुलं उड्या मारणार. शिवाय गाठ मारली की दोराची ताकद कमी होते, ती वेगळीच. रिकामी झोळी दिसायला सैल, पोटात लोंबलेली असली की समजायचं, बरोबर बांधली आहे. कोन मोजायला पुतण्याच्या कंपासपेटीतला ३०-६० चा गुण्या घेतला. शॅकलपाशी गुण्या धरला, दोर त्याच्या तिरक्या बाजूला चिकटेपर्यंत पट्टा वर सरकवला, झालं. आमच्या दोन झाडांत तेरा फुटांचं अंतर आहे, त्यासाठी पट्टे साडेपाच ते सहा फुटांवर येतात आणि बसल्यावर बूड खुर्चीच्या उंचीवर, म्हणजे दीड फुटावर राहतं.

कापडासाठी लक्ष्मी रोडवर फिरलो. मांजरपाट स्वस्त पण मोठ्या माणसासाठी फार पातळ. पडद्याचं केसमेंट बरं, पण विरळ विणीचं निघालं तर गाठींपाशी फाटतं. जाड कॅनव्हास टिकतो खरा, उन्हाळ्यात मात्र त्यात जीव गुदमरतो आणि अंगाला तो कधी घडत नाही. आम्ही गणवेशाच्या पँटचं सुती ड्रिल घेतलं, ५८ इंच पन्ह्याचं, पावणेदोनशेच्या आसपास मीटर. माझ्या मते पुण्याच्या हवेला याहून चांगलं कापड नाही. सव्वातीन मीटर घ्यावं. कोरं कापड आटतं, म्हणून रात्रभर भिजवून, वाळवून मगच शिवायला टाकायचं. आटून, दुमडून बरोबर तीन मीटर उरतं.

शिवणं हा एकच भाग असा की ज्यात आमची गैरसोय झाली. नेहमीच्या ब्लाउज शिवणाऱ्या टेलरनं कापडाच्या चार पदरांना सुई घालायला नकार दिला. शेवटी ताडपत्र्या आणि दप्तरं शिवणाऱ्या कारागिराकडे काम झालं, झोळीमागे शंभर रुपये. दोन्ही आखूड कडांना दोन इंचांचा नेफा, नायलॉनच्या दोऱ्यानं तिहेरी शिलाई. काम चोख, पण दोन दिवसांत देतो म्हणून आठवडा लावला आणि एका झोळीचा नेफा तिरका गेला होता तो परत उसवून घ्यावा लागला. शिलाई तिथंच उभं राहून तपासून घ्या.

नेफ्यात दोर ओवून कापड गोळा करायचं, चुण्या पंख्याच्या घडीसारख्या सारख्या पाडायच्या. मग नेफ्याच्या आतल्या अंगाला, त्या चुण्यांच्या मुठीवर, दोराचे घट्ट वेढे द्यायचे. एकानं चुण्या दोन्ही हातांत आवळून धरायच्या, दुसऱ्यानं पायाचा रेटा लावून दोर ओढायचा. हे काम मी आणि माझ्या जावेनं केलं. नेफ्याची फुगीर कड वेढ्यांतून निसटू शकत नाही, त्यामुळे भार शिलाईवर न येता कापडाच्या अख्ख्या मुठीवर येतो. शिलाई उसवली तरी माणूस खाली येत नाही. दोन्ही टोकांच्या मध्ये वरून अडीच मीटरची एक बारीक आडवी दोरी बांधून ठेवली आहे. ती असली की झोळीचा झोल दर वेळी सारखाच पडतो, मग झाडं लांब असोत का जवळ. संध्याकाळी डासांसाठी मच्छरदाणीही तिच्यावरच टाकता येते.

झोपायची रीत शिकून घ्या, नाहीतर पाठ धनुष्य होते आणि लोक झोळीला नावं ठेवतात. आधी मधोमध बसायचं, पाय आत घ्यायचे, मग डोकं एका बाजूला आणि पाय दुसऱ्या बाजूला असं तिरकं पडायचं. तिरकं पडलं की कापड पाठीखाली सपाट होतं. नाना, म्हणजे माझे सासरे, सुरुवातीला हात लावायला तयार नव्हते. आता जेवणानंतर पेपर घेऊन आंब्याखालची जागा त्यांचीच असते आणि मुलांना तिथून उठावं लागतं. त्यांच्यासाठी फांदीवरून धरायला एक वेगळा दोर सोडला आहे, उठताना फार उपयोगी पडतो.

मुलांच्या झोळीचं खूळ वेगळं. ती जमिनीपासून फूटभरच उंच आहे, खालची फरशी काढून माती आणि पाचोळा पसरला आहे, आणि एकही दोर लोंबता सोडलेला नाही. उभं राहून झोके घ्यायचे नाहीत हा नियम जावेनं घातला आहे आणि तो पाळला जातो. पुतणीनं आधी दोन पोती तांदूळ तिच्यात ठेवून बघायला लावली होती, मगच ती बसली. ही तपासणी मला इतकी आवडली की तिन्ही झोळ्यांना केली.

काही त्रास आहेत. आंब्याचा चीक कापडावर पडला की डाग निघत नाही. मुंग्या पट्ट्यावरून उतरतात, बसण्याआधी झोळी झटकावीच लागते. आणि ड्रिल पावसात बाहेर ठेवायचं नाही. जूनच्या सुरुवातीला कापड आणि दोर उतरवून, धुऊन, कडक उन्हात वाळवून माळ्यावर टाकतो. पट्टेही काढतो, म्हणजे झाडाला मोकळीक मिळते आणि पट्ट्याला ऊन-पाऊस लागत नाही. परत टांगताना लेबल, शिलाई, शॅकलचा स्क्रू बघायचा. पट्ट्याची कड कुठं चिरलेली दिसली तर तो पट्टा बाद.

मोठ्या झोळीचा एकूण खर्च सोळाशे-सतराशे आला, त्यातला निम्म्याहून जास्त पट्टे, शॅकल आणि दोरावर. कापडाला पाचपैकी चार गुण, शिलाईला तीन, बोहरी आळीच्या दोरवाल्यांना आणि जांभळ्या पट्ट्यांना पूर्ण पाच.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्या ओळखीच्यांनी गॅलरीत टांगू का म्हणून विचारलं. गॅलरीच्या रेलिंगला नको, ग्रिलला नको, खिडकीच्या चौकटीला तर मुळीच नको. आरसीसीचे दोन खांब समोरासमोर असतील आणि त्यांना पट्टा पूर्ण गुंडाळता येत असेल तरच विचार करा. नसतील तर लोखंडी स्टँड करून घ्या. माप न्यायचं असेल तर दोन टोकांमधलं अंतर, खांबाचा घेर आणि घरातल्या सगळ्यात जड माणसाचं वजन, एवढं कागदावर लिहून न्या. दोरवाले तेच विचारतात.