एकट्याने क्लचची एअर काढायची साधनं: व्हॉल्व्हची बाटली, व्हॅक्यूम पंप की मेडिकलमधली सिरिंज?

हायड्रॉलिक (ऑईलच्या दाबावर चालणाऱ्या) क्लचची एअर, म्हणजे ऑईलच्या लाइनमध्ये शिरलेली हवा, काढायला रीतसर दोन माणसं लागतात, एक पेडलवर आणि एक गाडीखाली. ‘दाब... धर... सोड’ ही आरोळी टळावी म्हणून ‘वन-मॅन ब्लीडर’ नावाने ऑनलाइन बरंच काही विकलं जातं. त्यात सगळ्यात स्वस्त म्हणजे नळी, मध्ये एकमार्गी व्हॉल्व्ह आणि खाली बाटली. ब्रेकसाठी हे किट पैसा वसूल. क्लचसाठी पाचपैकी अडीच, तेही व्हॉल्व्ह चांगला निघाला तर.

कारण क्लचच्या स्वभावात आहे. निपल (एअर काढायचा पोकळ स्क्रू) उघडं असताना ब्रेकचं पेडल स्प्रिंगने वर येतं. क्लचचं पेडल बऱ्याच गाड्यांत तळाला चिकटून बसतं, ते हाताने उचलावं लागतं. उचलताना मास्टर (पेडलला जोडलेला, ऑईल ढकलणारा सिलिंडर) मागे ओढतो, आणि व्हॉल्व्ह जरा जरी ढिला असला की नळीतली हवा परत आत. व्हॉल्व्ह शाबूत असला तरी निपलच्या आट्यांमधून हवा येतेच. आट्यांच्या मुळाशी बाहेरून थोडं सिलिकॉन ग्रीस लावलं आणि निपल पाव फेऱ्याहून जास्त उघडलं नाही, तर हा त्रास बराच कमी होतो. किट आल्या आल्या, ऑईल लागायच्या आधी, नळीत फुंकून बघा: एका बाजूने हवा जायला हवी, ओढल्यावर अजिबात येता कामा नये. दोन्हीकडून येत असेल तर सरळ परत पाठवा.

हाताचा व्हॅक्यूम पंप दिसायला भारी, दाब दाखवणारं घड्याळ वगैरे लावलेलं. पण नळीत दिसणारे बुडबुडे लाइनमधले की आट्यांमधून ओढलेले, हे कळत नाही. अर्धी बाटली ऑईल वाया जातं आणि बुडबुडे काही थांबत नाहीत. याचा खरा उपयोग रिझर्व्हॉयरमधलं (वरच्या ऑईलच्या डब्यातलं) काळं ऑईल उपसायला.

क्लचसाठी सगळ्यात भरवशाची निघते ती मेडिकलमधली ६० एमएलची सिरिंज. हवेला वर जायचं असतं आणि आपण तिला पेडल मारून खाली ढकलत असतो. क्लचच्या एका स्ट्रोकमध्ये ऑईल सरकतं जेमतेम काही एमएल. लाइनला वर चढलेला बाक असेल तर बुडबुडा थोडा खाली जातो, पेडल सुटलं की पुन्हा बाकात येऊन बसतो. सिरिंजने निपलमधून खालून वर ऑईल ढकललं की तो आपसूक रिझर्व्हॉयरमध्ये निघतो.

गाडीला कुठलं ऑईल लागतं ते आधी रिझर्व्हॉयरच्या झाकणावर वाचा. बहुतेक ठिकाणी डॉट ३ किंवा डॉट ४ ब्रेक ऑईल; काही मोजक्या गाड्यांत मिनरल ऑईल असतं आणि तिथे ब्रेक ऑईल गेलं तर सगळे कप (सिलिंडरमधले रबरी सील) फुगतात. नवीन, सीलबंद २५० एमएलची बाटली पुरते. उघडून ठेवलेली, त्यातून पावसाळा काढलेली बाटली वापरू नका, ते ऑईल हवेतला ओलावा शोषून घेतं.

रिझर्व्हॉयरमधलं जुनं ऑईल उपसून मिनिममच्या जरा वर ठेवा, नाहीतर खालून ढकललेलं ऑईल वरून सांडेल. इकोस्पोर्टसारख्या गाडीत ब्रेक-क्लचचा डबा एकच असतो आणि क्लचची नळी त्याच्या वरच्या अंगाला असते. पातळी उतरली की हवा आधी क्लच धरतो. लाइनमधलं ऑईल काळं असेल तर आधी पेडल मारून ते खालून काढून टाका. तो गाळ उलटा मास्टरमध्ये चढवायचा नाही.

गाडी स्टँडवर, नुसत्या जॅकवर नाही. निपलला रिंग पानाच लावा, गाडीनुसार ८ ते ११ एमएम. कोकणातल्या गाड्यांची निपलं गंजलेली असतात. आदल्या रात्री गंज सोडवणारा स्प्रे मारा, फिक्स पान्याने कोपरे गोल करू नका. सिरिंज भरून तिला नळी लावा, टोक वर धरा, नळीच्या तोंडाशी ऑईल येईपर्यंत दाबा, मग नळी निपलवर चढवून केबल टायने आवळा. निपल अर्धा फेरा उघडा आणि ३० ते ४० एमएल अगदी सावकाश ढकला. जोर केला की नळी सुटते आणि ऑईल थेट डोळ्यांत, चष्मा लावाच. सिरिंज पूर्ण रिकामी करू नका, शेवटी हवा जाते. दट्ट्या दाबलेलाच ठेवून निपल बंद करा. रंगावर थेंब पडला तर लगेच पाणी ओता.

इनोव्हासारखा स्लेव्ह (खालचा, क्लच सोडवणारा सिलिंडर) गिअरबॉक्सच्या बाहेर असेल तर तो खोलून त्याचा पुशरॉड (दांडा) हाताने पूर्ण आत दाबला की उरलेली हवाही वर निघते. स्लेव्ह सुटा असताना पेडलला पाय लावायचा नाही, पिस्टन बाहेर येतो.

सिरिंजचा एकच दोष: ब्रेक ऑईल लागलं की रबरी दट्ट्या थोड्या वेळात जाम होतो. एका कामाला एक, मग फेकून द्या.

शेवटी इंजिन चालू ठेवून, पेडल पूर्ण दाबून रिव्हर्स टाका. करकर झाली आणि दोन-तीनदा पेडल मारल्यावर गिअर नीट पडला, तर हवा अजून आहे. आणखी एक सिरिंज. पण दाबून धरल्यावर क्लच हळूहळू आपोआप लागत असेल, तर मास्टरचा किंवा स्लेव्हचा कप गेलाय. पेडलच्या वरच्या अंगाला पुशरॉडपाशी बोट फिरवा, ओलं लागलं तर मास्टर. बेल हाउसिंगच्या (इंजिन आणि गिअरबॉक्समधल्या, क्लच झाकणाऱ्या खोक्याच्या) खालून ऑईल ठिबकत असेल आणि स्लेव्ह आतला असेल, तर गिअरबॉक्स उतरवावा लागणार. तिथे ना बाटली कामाची, ना सिरिंज.