४० टक्के प्लॅटिनम-कार्बन कॅटॅलिस्ट, १ ग्रॅम बाटली: फ्रेश माल भारी, पण सायकलिंग करून बघा

साडेतीन स्टार. माल म्हणजे फ्युएल सेलमध्ये (हायड्रोजन-ऑक्सिजनपासून वीज करणाऱ्या सेलमध्ये) लागणारी, कार्बनवर प्लॅटिनमचे कण बसवलेली पावडर. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही, कमी-जास्त सगळ्यांच्याच मालाचं हेच आहे.

पावडर इतकी बारीक की झाकण काढलं की ग्लोव्हज, स्पॅच्युला, वजनकाटा सगळं काळं, आणि जरा सांडली की जीव हळहळतो कारण बिल बघून सर आधीच तापलेले असतात. लॅबमध्ये नवीन असाल तर इंक (इलेक्ट्रोडवर लावायचं पातळ मिश्रण) करताना आधी पाणी घाला, मगच आयपीए (आयसोप्रोपाइल अल्कोहोल). कोरड्या पावडरवर डायरेक्ट अल्कोहोल ओतलं तर पेट घेते, खरंच.

फ्रेश माल मात्र खणखणीत. ०.१ मोलर परक्लोरिक ॲसिडमध्ये हायड्रोजनचे पीक (यांवरूनच प्लॅटिनमचा पृष्ठभाग मोजतात) एकदम स्वच्छ, इलेक्ट्रोड १६०० आरपीएमला फिरवून ओआरआरचा (ऑक्सिजन रिडक्शनचा) कर्व्ह पुस्तकात छापावा असा, टीईएममध्ये (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली) कण २-३ नॅनोमीटरचेच, म्हणजे डेटाशीट तिथपर्यंत खरी.

मग ड्युरेबिलिटीला लावला, म्हणजे व्होल्टेज खालीवर करत सायकलिंग. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचा प्रोटोकॉल, ०.६ आणि ०.९५ व्होल्टवर ३-३ सेकंद, ३०,००० सायकल, म्हणजे ५० तास मशीन अडकलेलं आणि बाकीची पोरं तुमच्या नावाने बोटं मोडतायत. शेवटी बघतो तर पीक पार बसलेले. बारीक कण विरघळतात आणि तेच प्लॅटिनम मोठ्या कणांवर जाऊन बसतं, गरिबाचं जातं नि सावकाराचं वाढतं तसलं. प्लॅटिनम बरंचसं तिथंच असतं हो, पण पृष्ठभाग घटला की काम घटलंच. खऱ्या सेलमध्ये तर थोडं विरघळून दोन इलेक्ट्रोडमधल्या मेंब्रेनमध्ये (पडद्यात) शिरतं, पलीकडून झिरपणारा हायड्रोजन त्याला तिथेच परत धातू करून बसवतो, ते कायमचं बाद.

पण माझा अर्धा नाही, पूर्ण एक स्टार गेला तो कार्बनपायी. १ ते १.५ व्होल्टच्या टेस्टला साधा कार्बन टिकतच नाही, सीओटू होऊन उडून जातो आणि वरचं प्लॅटिनम निराधार. गाडी चालू-बंद करताना कॅथोड (ऑक्सिजनकडचा इलेक्ट्रोड) क्षणभर याच रेंजमध्ये जातो, तेव्हा हे फक्त लॅबचं खूळ नाहीये. सप्लायरला सायकलिंगनंतरचा डेटा मागितला तर परत तेच फ्रेशवालं ब्रोशर पाठवलं, उरलेला अर्धा त्याला.

पेपरात तुलनेसाठी बेसलाइन हवी असेल तर डोळे झाकून घ्या. स्टॅकमध्ये (एकाला एक जोडलेल्या सेलच्या संचात) वारंवार स्टार्ट-स्टॉप असेल तर ग्राफिटाइज्ड (ग्राफाइटसारखा केलेल्या, जास्त टिकाऊ) कार्बनवाला मागवा, सुरुवातीचा एरिया थोडा कमी मिळेल, चालतंय.