तोडफोडीला रेसिप्रो सॉचं कुठलं ब्लेड घ्यावं

रेसिप्रो सॉ म्हणजे ब्लेड पुढेमागे चालवणारी मशीनची करवत. जुनी चौकट, पार्टिशन काढायचं म्हणजे लाकडात खिळे असणारच, त्यामुळे फक्त लाकडाचं ब्लेड लावलं की पहिल्याच खिळ्याला दात गेलेच समजा. बाय-मेटल (दात कडक पोलादाचे, पाठ लवचिक पोलादाची) ६ ते १० टीपीआयचं, म्हणजे इंचाला तेवढे दात, रोजच्या कामाला पुरतं आणि स्वस्त पडतं. मिलवॉकी कंपनीचं ॲक्स नावाचं ब्लेड ५ टीपीआयचं आहे, लाकूड सपासप कापतं पण हात चांगलेच हादरतात. पातळ पत्र्याला मात्र ते लावू नका, दात अडकून पत्रा नुसता फडफडतो, तिथे १८ टीपीआयच हवं. निदान तीन दात तरी मालात बसले पाहिजेत.

कार्बाइड टिपचं, म्हणजे दातांच्या टोकाला अतिकठीण कार्बाइड बसवलेलं ब्लेड महाग आहे पण बीडाचा पाईप, जाड सळई असेल तर पैसे वसूल, बाय-मेटल तिथे दातांची धार घालवून नुसतं घासत बसतं. कधी कधी एखादी टिप उडते ती गोष्ट वेगळी.

लांबी ९ इंच बस्स, १२ इंची लवलवतं आणि कट वाकडा जातो. जाडी बघायला विसरू नका राव, ०.०६२ इंचवालं घ्या, ०.०३५ वालं पिळलं की वाकलंच. आणि लोखंडावर स्पीड कमी ठेवा, नाहीतर कुठलंही ब्लेड जळणार.