रांगोळीचे ठिपके की स्क्रॅचचे ठोकळे?

सहावीच्या चित्रकलेच्या तासाला संगणकीय विचार (म्हणजे काम छोट्या, नेमक्या पायऱ्यांत मांडणं) आणायचा, तर सुरुवात कागदावर करावी की संगणकावर? पुण्यातल्या काही चित्रकला शिक्षिकांनी यंदा मला हे विचारलं. मी दोन्ही करून पाहिलंय.

आधी कागद. सात ते चार ठिपक्यांची रांगोळी घ्या: ४, ५, ६, ७, ६, ५, ४, एकूण ३७ ठिपके. जोडीने पाठीला पाठ लावून बसायचं. एकाने फक्त सांगायचं, दुसऱ्याने ऐकून काढायचं. ‘मधल्या ठिपक्यावरून वर जा’ म्हटलं की लगेच अडतं, कारण वरच्या ओळीत नेमका तिथे ठिपकाच नसतो. मग मुलं आपणहून ‘वर-डावा’, ‘वर-उजवा’ असे शब्द ठरवतात. एका पाकळीच्या सूचना नीट लिहिल्या तर त्याच सहा वेळा चालतात, हेही कुणीतरी ओरडून सांगतंच. लक्ष्मी रस्त्यावर विसर्जन मिरवणुकीसाठी घातलेल्या रांगोळ्या पाहिलेल्या मुलांना हे परकं वाटत नाही. शिवाय एलिमेंटरी चित्रकला परीक्षेतल्या संकल्पचित्राला आणि कर्तव्यभूमितीला हा सराव थेट कामी येतो.

आता संगणक. स्क्रॅच, म्हणजे सूचनांचे ठोकळे जोडून प्रोग्रॅम लिहायचं साधन, मोफत आहे, एकदा उतरवून घेतलं की इंटरनेटशिवाय चालतं. पेन घेऊन १०० पावलं चाला, ९० अंश वळा, असं ४ वेळा: चौरस. प्रत्येक चौरसानंतर १० अंश वळत हे ३६ वेळा केलं की फूल. १० चे २० आणि ३६ चे १८ करा, वेगळं फूल. इतक्या भराभर नक्षी बदलून बघणं हाताने शक्यच नाही. त्रिकोण काढताना बरीच मुलं ६० अंश वळतात आणि पडद्यावर अर्धा षटकोन उमटतो. वळायचं असतं १२०. ही चूक मला फार मोलाची वाटते, तिथे घाईने उत्तर सांगू नका.

पण एका संगणकावर तिघं असतील, तर माऊस एकाच्याच हातात राहतो. आणि चिमटीतून रांगोळी सोडताना हाताला जे कळतं, ते पडद्यावर मिळत नाही.

म्हणून माझं मत: पहिले चार तास कागद. संगणक दोघांत एक मिळत असेल तरच पुढे प्रयोगशाळेत जा, नाहीतर वर्षभर कागदावरच राहा. जाताना पाकळीच्या सूचना लिहिलेली वही सोबत न्यायला सांगा. पहिला प्रोग्रॅम तिच्यावरूनच लिहायचा.